राखणदाराचं माप

माझं काम कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आमच्या फ्लॅटचा आता काय भाव येईल हो? लग्नात विचारतात, बारशात विचारतात, एकदा तर एकाने स्मशानाच्या दारात चपला घालता घालता विचारलं. मी व्हॅल्युअर आहे. बँकेने कर्ज देण्याआधी घराची किंमत ठरवणारी बाई. गिरगाव सोडून मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात आलो तेव्हापासून तिथले इतके वन बीएचके पाहिलेत, की दार उघडल्यावर वासावरून सांगते कुठल्या भिंतीत ओल आहे. शेतजमिनीची कामं मी सहसा घेत नाही. ते घेतलं, कारण देवस्थानकडून भेटायला आलेला माणूस माझ्याकडे वर-खाली बघत म्हणाला, उन्हातान्हात चिखलात जायचंय, तुम्हाला जमेल का? माझं डोकं तिथेच फिरलं. मी तारीखच विचारली.

काम असं होतं. घोडबंदर रस्त्यावरून चेण्याच्या बाजूला आत वळलं की एका देवस्थानची भातशेती लागते. देवाची जमीन म्हणून कूळकायद्यात ती कसणाऱ्यांच्या नावावर झाली नाही. कुळं पिढ्यानपिढ्या ती लावतात आणि निम्मं पीक खंड म्हणून देवळाला देतात. देवस्थानच्या घटनेत एक जुनं कलम आहे. ज्या शेताचा त्या वर्षीचा खंड देवळातल्या लाकडी मापाने वीस मापं भरेल, त्याच कुळाला सभेत मत. कमी भरला तर कुळाने सभेला यावं, प्रसाद घ्यावा, हात वर करू नये. इतकी वर्षं या कलमाकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, कारण सभेत ठरायचं काय, तर उत्सवाला मांडव कुणाचा घ्यायचा.

त्या वर्षी मात्र प्रस्ताव आला, की सगळी शेतं एका पार्टीला लग्नाच्या लॉनसाठी लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची. निम्मी कुळं तयार, निम्मी नाहीत. मग दोन्ही बाजू ते कलम काढून एकमेकांची मतं खोडायला बसल्या. याच्या शेतात कुठे एवढं पिकतं, त्याच्यात नुसतं गवत आहे, अशी सगळी भांडणं. शेवटी ठरलं की बाहेरचं कुणीतरी आणायचं, जे प्रत्येक खळ्यावर उभं राहून खंड मापून घेईल आणि हा मतदार, हा नाही, असं सांगेल. ते बाहेरचं कुणीतरी म्हणजे मी.

पहिले काही दिवस मजेत गेले. एका कुळाने शेतात चक्क गाड्या धुवायचं दुकान टाकलं होतं आणि वसईकडून भात विकत आणून रास घातली होती. पोत्यावरचा शिक्का तसाच. मी म्हटलं, काय हो, तुमचं भात शिक्का मारूनच उगवतं का? तो हसला, मीही हसले, आणि त्याचं नाव कापलं. दुसऱ्या एकाने मला कोळंबीचं कालवण खाऊ घालायचा फार आग्रह केला. मी कालवण खाल्लं आणि त्याचंही नाव कापलं. दोन्ही पार्ट्या माझ्यावर सारख्याच चिडल्या, म्हणजे काम बरोबर चाललं होतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक खळ्यावर सारखी दिसली. देवळाच्या वाट्याची रास भर दुपारी मापायची, सूर्य डोक्यावर असताना. रास कुणाच्याही सावलीत मापायची नाही. आणि पहिलं माप मोजायचं नाही. ते भरताना 'लाभ' म्हणायचं आणि तसंच बांधावर नेऊन ओतायचं. ते राखणदाराचं, म्हणजे शेताची राखण करणारा जो कुणी आहे त्याचं. दुसऱ्या मापापासून एक, दोन, तीन. बाकीच्यांची रास मोठी होती, त्यामुळे त्या एका मापाने कुणाचं काही अडलं नाही. मीही त्याकडे लक्ष दिलं नाही. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या मोटरला नारळ फोडतात, तसंच हे.

सगळ्यात शेवटचं शेत काकींचं. या काकी म्हणजे सत्तरीच्या आसपासची एक विधवा बाई, लहानखुरी, काष्टा घातलेलं लुगडं, पायांत काही नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पाड्यावरच्या दोन बायका मजुरीला घेऊन त्या लावणी, कापणी, झोडणी सगळं करायच्या. त्यांचं शेत बरोबर मधोमध होतं, लॉनवाल्यांना तिथेच स्टेज हवं होतं. आणि तोपर्यंत माझा सगळा हिशेब झाला होता. लॉन हवं म्हणणारे सात मतदार, नको म्हणणारेही सात. बरोबरी झाली तर अध्यक्षांचं जादा मत, आणि अध्यक्षांना लॉन हवं होतं. थोडक्यात काकींना मत मिळालं तर शेतं राहणार, नाही मिळालं तर जाणार. हे मला माहीत होतं, अध्यक्षांना माहीत होतं, आणि काकींनाही पक्कं माहीत होतं.

त्या शेतात उतरले आणि मला कसंतरीच झालं. घोडबंदर रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर चालतात. बाजूच्या शेतात उभं राहिलं तरी हॉर्न कानात बसतात. इथे बांध ओलांडला आणि आवाज बंद. अगदी कुणी खिडकी लावून घ्यावी तसा. मी दोनदा मागे-पुढे करून बघितलं. बांधाच्या पलीकडे हॉर्न, अलीकडे काही नाही. म्हटलं, डोंगर आड येत असेल. डोंगर होता मागच्या बाजूला, रस्ता पुढच्या. पण आपण काय त्या क्षणी भूगोल तपासत बसत नाही.

देवळाकडून अध्यक्ष स्वतः आले होते, आणि माप धरायला देवळातला एक सेवेकरी. पाड्यावरच्या बायका पेंढ्यावर बसल्या. काकी राशीपासून लांब, उन्हात उकिडव्या. परतीच्या पावसाने त्यांचं भात आडवं केलं होतं, रास लहानच होती. सेवेकऱ्याने पहिलं माप भरलं, 'लाभ' म्हणाला आणि बांधावरच्या एका सपाट दगडावर ओतून आला. मग मोजायला लागला. माप भरायचं, हाताने वर सपाट करायचं, पोत्यात ओतायचं. मला दाण्यांचा आवाज ऐकू येत होता आणि माझा श्वास, बस.

एकोणीस झाली, आणि खळं झाडून घेतलं तरी हाती मूठभर तूसच आलं.

अध्यक्ष फार सभ्य माणूस. त्यांनी नुसता सुस्कारा सोडला आणि म्हणाले, देवाची इच्छा. मला देवाची इच्छा वगैरे म्हणणाऱ्यांचा आधीच राग, त्यात या इच्छेचा फायदा कुणाला होतोय ते समोर दिसत होतं. मी म्हटलं, थांबा. बांधावरचं माप याच शेतातलं आहे, देवळाच्या वाट्यातूनच काढलंय. शेताने किती खंड दिला हे मला ठरवायचंय. कुणी तो कुठे ओतला याच्याशी मला घेणंदेणं नाही. ते धरलं की वीस होतात. आणि हे मी उगाच नव्हते बोलत. माझ्या धंद्यात हेच बरोबर आहे. घरमालकाने भाड्यातून देणगी दिली म्हणून भाडं कमी होत नाही.

अध्यक्षांचा चेहरा उतरला, पण ते भांडले नाहीत. सेवेकरी मात्र माप खाली ठेवून चार पावलं मागे सरला. पाड्यावरच्या दोघी उठल्या आणि सरळ चालू लागल्या, मजुरी न घेता. मला वाटलं, झालं काय यांना.

तेवढ्यात माझं लक्ष त्या दगडाकडे गेलं. खळ्याच्या कडेला सांडलेल्या दाण्यांवर चिमण्या, साळुंक्या तुटून पडल्या होत्या. दगडावर मापभर भाताचा ढीग उघडा पडला होता आणि त्याच्या जवळपास एकही पाखरू नव्हतं. एक साळुंकी उड्या मारत तिकडे निघाली, वाटेत थबकली, आणि वळसा घालून परत आली.

तिथली रीत अशी, की मापणी संपली की ज्याच्याकडे निवाडा त्याने आकडा मोठ्याने बोलायचा, मग तो पक्का. मी तोंड उघडलं आणि काकींनी माझं मनगट धरलं. कधी उठून आल्या कळलंच नाही. हात गार होता.

"तुमी नका बोलू," त्या म्हणाल्या. "राखणदाराचा माप आपले हिशेबान धरला, का तो आपल्यातला एक त्याचे हिशेबान धरतं. जो बोलंल त्याचे घरातला."

मी म्हटलं, काकी, असं काही नसतं. त्यांनी ऐकलंच नाही. त्या हळू आवाजात सांगत राहिल्या, की सासऱ्यांनी एका वाईट वर्षी असंच ते माप धरलं होतं, आणि नंतर काकींचे धाकटे दीर गेले. मी विचारलं, वारले का? त्या म्हणाल्या, नाही. वारले असते तर दिवस तरी घातले असते. याचा अर्थ मला लागला नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही. मग त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमचे घरान कोन कोन हाय?"

नवरा आणि मुलगी, मी म्हटलं. आता खरं सांगते, शिकलेली, सवरलेली, कुणाच्या बापाला न भिणारी मी, पण मुलगी म्हणताना माझा आवाज फाटला. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मला बोलायचं होतं, न्याय तोच होता. पण तो आकडा मी बोलले नाही.

काकींनी मान हलवली. "माजे घरान मी एकलीच," त्या म्हणाल्या. माझं मनगट सोडलं, राशीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याऐवजी मोठ्याने बोलल्या, "वीस."

बोलल्या आणि खळ्यावरची सगळी पाखरं एकदम उठली आणि त्या दगडावर जाऊन पडली. आम्ही बघतोय तोवर ढीग गेला. दगड स्वच्छ. सेवेकऱ्याने माप उचललं आणि मागे न बघता निघाला. मी अहवालात वीस लिहिलं, खाली सही केली, आणि काकी मतदार झाल्या.

त्या रात्री घरी मी मुलीला उगाच जवळ घेतलं. ती म्हणाली, काय गं आई, बरी आहेस ना? मी म्हटलं, ऊन लागलं.

सभा दोन-तीन आठवड्यांनी देवळाच्या सभामंडपात झाली. अहवालावर कुणी शंका काढली तर उत्तर द्यायला म्हणून मलाही बोलावलं होतं. खरं म्हणजे मला काकींना बघायचं होतं. त्या आल्या होत्या, ठणठणीत होत्या. खांबाजवळ सतरंजीवर बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. माझा जीव भांड्यात पडला. मनात स्वतःलाच चार शिव्या घातल्या, की इतकी शिकून पाखरांना घाबरलीस. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. त्या हसल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. फक्त एवढंच म्हणाल्या, की हल्ली गावात कुणी हाक मारत नाही. मी म्हटलं, भांडण चालू आहे ना, होईल कमी. अहो, मला खरंच तसं वाटलं.

प्रस्ताव वाचला. बाजूने हात वर करा म्हणाले, सात झाले. विरोधात हात वर करा म्हणाले. काकींनी हात वर केला, उंच, कोपर ताठ करून. सेवेकऱ्याने मोजलं आणि म्हणाला, सात.

मी उठून म्हटलं, आठ आहेत, परत मोजा. त्याने परत मोजलं. बोट दाखवत, एकेकाकडे. सात. अध्यक्ष म्हणाले, थांबा, मी बघतो. त्यांनी मोजलं. सात. मी म्हटलं, काकींना धरलं नाही तुम्ही. ते म्हणाले, धरलं की, हे काय, आणि काकींकडे बघून नमस्कार केला. लॉन नको म्हणणाऱ्यांपैकीच एक जण मला म्हणाला, मॅडम, काकींना आधीच मोजलं. त्याला तर आठ हवे होते. तो कशाला खोटं बोलेल? मग कोण गैरहजर, असं अध्यक्षांनी विचारलं. सगळे इकडे तिकडे बघायला लागले आणि म्हणाले, सगळे आलेत. आणि तरी सात.

माझं डोकं भडकलं. मी म्हटलं, बाजूला व्हा, मी मोजते. पुढे गेले आणि पहिल्या माणसापासून सुरुवात केली. प्रत्येकाच्या हाताला हात लावून, मोठ्याने. एक, दोन, तीन, चार. पाचवा खांबाच्या अलीकडे. मग काकी. त्यांचा वर केलेला हात माझ्या डोळ्यांसमोर होता. नखांत चिखल होता, मनगटावर गोंदण होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या बोटांना हात लावला. पुढच्या माणसाकडे गेले आणि म्हटलं, सहा. मग सात. संपले.

मी तिथेच उभी राहिले. मला कळत होतं की मधे काहीतरी राहिलं. मागे वळले, काकींसमोर उभी राहिले आणि त्यांना बघत बघत 'आठ' म्हणायचा प्रयत्न केला. तो शब्द मला आठवेना. सात नंतर काय येतं हेच आठवेना. मी आयुष्यभर आकडे मोजून पोट भरलंय हो. सभामंडपात सगळे माझ्याकडे बघत होते.

काकींनी हात खाली घेतला. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमचे घरातला न्हाय ना कुनी धरला? मग झाला."

अध्यक्षांनी जादा मत दिलं. लॉन मंजूर झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी भांडलं नाही. जिंकलेले आणि हरलेले एकाच चहावर तुटून पडले. एक जण ट्रे घेऊन ओळीने फिरला. मला दिला, खांबाच्या पलीकडच्याला दिला. काकींनी हात पुढे केला होता. मी माझा ग्लास त्यांना दिला. त्यांनी फुंकर मारून तो सगळा प्यायला आणि गोड झालाय म्हणाल्या.

मग मी त्यांचा हात धरून त्यांना घरी पोचवायला निघाले. रस्त्यात ओळखीची माणसं भेटली, ती मला म्हणाली, काय मॅडम, एकट्याच निघालात? मी हो म्हटलं. तसं का म्हटलं मला माहीत नाही. काकी बाजूने चालत होत्या, पायांखाली पाचोळा वाजत होता, शेताकडे बघत त्या सांगत होत्या की पुढच्या पावसात रोपं कुठे टाकणार होत्या. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण हात सोडला आणि मग मलाही त्या दिसल्या नाहीत तर, याची जास्त वाटत होती. त्यांच्या दारात आलो. त्या म्हणाल्या, आता सोडा, चूल पेटवायचीय. मी बराच वेळ सोडला नाही.